लिहिलं कधी, छापलं कधी : अमेरिकन साहित्याच्या कालखंडांसाठी साधनं शोधण्याचं एक प्रकरण

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचं कला-वाणिज्य महाविद्यालय, आणि मी तिथली ग्रंथपाल. हे प्रकरण आमच्या इंग्रजी विभागात सीएचबीवर, म्हणजे घड्याळी तासिका तत्त्वावर, शिकवणाऱ्या एका सरांचं. जूनअखेर वर्कलोडची वाटणी झाली तेव्हा तिसऱ्या वर्षाचा अमेरिकन साहित्याचा पेपर त्यांच्या वाट्याला आला. त्यांचं एम.ए. सगळं ब्रिटिश साहित्यावर पोसलेलं. अमेरिकन साहित्याचा एकच पेपर होता, तोही गाइडावर निभावून नेलेला. त्यात सेटचा फॉर्म भरलेला. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. तिच्या दुसऱ्या पेपरात १०० प्रश्न असतात आणि इंग्रजी विषयात 'खालील कृती प्रकाशनाच्या क्रमाने लावा' या धर्तीच्या प्रश्नांची तयारी ठेवावीच लागते. म्हणजे सकाळी वर्गात कविता उलगडून सांगायची आणि रात्री सनावळी पाठ करायची, अशी दुहेरी कसरत.

त्यांनी माझ्याकडे मागितलं ते एवढंच : "मॅडम, सगळे पीरियड एकत्र असलेलं एखादं पुस्तक द्या."

असं पुस्तक मिळतं, एक सोडून चार मिळतात. सरांचा मोबाइलही पीडीएफनी भरलेला होता. दुखणं वेगळंच होतं. त्यांच्याकडच्या तीन तक्त्यांत तीन तऱ्हा होत्या. एकात रोमँटिक कालखंड १८२० ते १८६०, दुसऱ्यात १८२८ ते १८६५, तिसऱ्यात तो १८०० पासूनच सुरू. वास्तववाद एके ठिकाणी १९०० ला संपत होता, दुसरीकडे १९१४ पर्यंत ताणलेला. 'अमेरिकन रेनेसाँ' कुठे स्वतंत्र कालखंड, कुठे रोमँटिकचाच पोटभाग. यातलं खरं कुठलं, असं सर विचारत होते, आणि तिन्ही तक्ते पाठ करायची त्यांची तयारी होती!

मी आधी त्यांना सीमारेषा कुठून आल्या ते दाखवलं. १८२८ हे अँड्र्यू जॅक्सन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले ते वर्ष. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपलं. १९१४ आणि १९४५ ही महायुद्धांची सालं. म्हणजे खुंट्या राजकीय इतिहासाच्या, त्यांवर साहित्य टांगलेलं. कुणी खुंटी दोन-चार वर्षं अलीकडे ठोकतो, कुणी पलीकडे. नावांचंही तेच. एमर्सन, थोरो, हॉथॉर्न, मेलव्हिल आणि व्हिटमन या पाचजणांना 'अमेरिकन रेनेसाँ' या छत्राखाली आणलं एफ. ओ. मॅथिसन यांनी, १९४१ च्या ग्रंथात. तोवर पाचही जण जाऊन जमाना झाला होता. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या कृष्णवर्णीय लेखकांच्या ज्या बहराला आज आपण हार्लेम रेनेसाँ म्हणतो त्याला त्या वेळची मंडळी 'न्यू निग्रो' चळवळ म्हणत. अ‍ॅलन लॉक यांनी संपादित केलेला १९२५ चा संग्रह त्याच नावाचा आहे. हे एकदा कळलं की तीन तक्त्यांचं भांडण मिटतं. परीक्षेपुरता एक सांगाडा धरायचा आणि बाकीचे का वेगळे आहेत तेवढं लक्षात ठेवायचं.

सांगाडा म्हणून आम्ही नॉर्टन अँथॉलॉजी या अमेरिकन साहित्याच्या संकलनाच्या पाच खंडांची विभागणी घेतली : आरंभापासून १८२० पर्यंत, मग १८६५ पर्यंत, मग १९१४ पर्यंत, मग १९४५ पर्यंत आणि शेवटी १९४५ नंतरचं. तिच्यात 'वास्तववाद'सारखी वादांची नावं नाहीत, नुसती सालं आहेत. म्हणून ती मला पसंत. शिवाय ती १६०७ च्या जेम्सटाउनपासून, म्हणजे इंग्रजांच्या तिथल्या पहिल्या टिकलेल्या वसाहतीपासून, सुरू होत नाही. गोरा माणूस किनाऱ्याला लागण्याआधीच्या मूलनिवासींच्या मौखिक कथांनाही तिच्यात जागा आहे. पाचही खंड घेणं आमच्या बजेटच्या बाहेर, पण अनुक्रमणिका बघायला पैसे पडत नाहीत. संकलनाची अनुक्रमणिका हेच एक साधन आहे, हे विद्यार्थ्यांना सोडा, प्राध्यापकांनाही सुचत नाही. कोणता लेखक कोणत्या खंडात, त्याचा जन्म-मृत्यू कधीचा, त्याची कोणती कृती निवडली, हे सगळं तिथं आयतं मांडलेलं असतं.

मग एक मोठा कागद घेऊन त्यावर रकाने आखले. कृती, लिहिली कधी, छापली कधी, लेखकाचं मृत्युवर्ष, संहिता कुठे मिळते, आणि कोणत्या आवृत्तीवरून. सरांना दुसरा आणि तिसरा रकाना वेगळा कशाला हवा ते कळेना. "एकच साल पुरे की, मॅडम. दोन-दोन पाठ कोण करणार?" त्यांचा वैताग मला समजत होता. पण अमेरिकन साहित्यात नेमका याच दोन रकान्यांत सगळा घोळ आहे, म्हणून इथं थोडं थांबते.

विल्यम ब्रॅडफर्ड हा प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर. वसाहतीचा इतिहास त्याने १६३० ते १६५१ या काळात लिहिला. वसाहतकालीन गद्य म्हटलं की पहिलं नाव याचंच. पण त्याचं हस्तलिखित अमेरिकन क्रांतीच्या धामधुमीत बोस्टनहून गायब झालं, १८५५ मध्ये लंडनच्या बिशपच्या फुलम इथल्या ग्रंथालयात सापडलं आणि पूर्ण छापलं गेलं १८५६ मध्ये. म्हणजे व्हिटमनच्या 'लीव्ह्ज ऑफ ग्रास' या कवितासंग्रहाच्या पहिल्या आवृत्तीनंतर एका वर्षाने! एडवर्ड टेलर हा प्युरिटन कवी १७२९ मध्ये वारला. त्याच्या कवितांची वही १९३७ मध्ये येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात टॉमस जॉन्सन या संशोधकाच्या हाती लागली. तोवर अमेरिकन काव्याच्या इतिहासात टेलर नावाचा कवी नव्हताच. मेलव्हिल १८९१ मध्ये गेला आणि 'बिली बड' निघाली १९२४ ला. त्याची 'मोबी-डिक' १८५१ मध्येच छापलेली, पण तिला मान मिळाला तो विसाव्या शतकात. तेव्हा 'प्रकाशनाच्या क्रमाने लावा' असं प्रश्नात म्हटलं की एक उत्तर, आणि 'कोणत्या कालखंडातला लेखक' असं म्हटलं की दुसरं. गाइडात दोन्हींचा काला केलेला असतो.

सरांना हे पटलं, पण पूर्ण नाही. पूर्ण पटलं ते वर्गात अडल्यावर.

एमिली डिकिन्सनची मृत्यूबरोबरच्या घोडागाडीच्या प्रवासाची कविता अभ्यासक्रमाला होती. सरांनी ती प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतली, झेरॉक्स काढल्या, वर्गात वाटल्या. शिकवून होत आली तशी पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, माझ्या पुस्तकात सहा कडवी आहेत. झेरॉक्सवर पाचच आलीत." बाकीच्यांनी आपापली पुस्तकं उघडली आणि तासाचा उरलेला वेळ कडवी मोजण्यात गेला. तास संपल्यावर सर झेरॉक्स आणि पुस्तक दोन्ही घेऊन थेट ग्रंथालयात आले.

झेरॉक्सवर कवितेला 'द चॅरिअट' असं शीर्षक होतं, पुस्तकात शीर्षक नव्हतं. झेरॉक्सवर ओळींच्या शेवटी शिस्तीत स्वल्पविराम आणि अर्धविराम, पुस्तकात जागोजाग आडव्या रेघा. आणि चौथं कडवं झेरॉक्सवर नव्हतंच. त्या कडव्यात कवितेतली ती बोलता बोलता स्वतःला दुरुस्त करते : आपण सूर्याला मागे टाकलं म्हणावं, की सूर्यच आपल्याला मागे टाकून गेला? दंव पडतं, थंडी शिरशिरते, आणि अंगावर कपडे आहेत ते जाळीदार, तलम. तोवर सहलीसारखा चाललेला प्रवास इथं गारठतो. हे कडवं काढलं की मृत्यू नुसता सभ्य गृहस्थ उरतो.

खुलासा असा. डिकिन्सन १८८६ मध्ये वारली तेव्हा तिच्या जवळजवळ अठराशे कवितांपैकी जेमतेम दहा-एक छापल्या गेल्या होत्या. १८९० मध्ये मेबल लूमिस टॉड आणि टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन यांनी पहिला संग्रह काढला. वाचकाला रुचावं म्हणून त्यांनी रेघा काढून टाकल्या, शीर्षकं दिली, यमकं सुधारली, आणि या कवितेचं एक कडवं गाळलं. तिने लिहिलं त्याच्या जवळ जाणारी संहिता आली थेट १९५५ मध्ये. ती तयार करणारे पुन्हा तेच टॉमस जॉन्सन, टेलरची वही सापडलेले. १९५५ च्या या संहितेवर हार्वर्ड विद्यापीठाचा हक्क, म्हणजे कॉपीराइट, आहे, त्यामुळे ती फुकटच्या संकेतस्थळांवर येऊ शकत नाही. तिथं मिळते ती एकोणिसाव्या शतकातली सुधारून घेतलेली. ती खोटी नाही, १८९० च्या वाचकाने हीच वाचली. पण विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत 'डिकिन्सनच्या आडव्या रेघांचं महत्त्व' विचारलं जातं आणि पोरांच्या हातातल्या कागदावर एक रेघ नसते, तेव्हा काय करायचं!

त्यावर उतारा होता. २०१३ पासून 'एमिली डिकिन्सन आर्काइव्ह' या संकेतस्थळावर तिच्या हस्तलिखितांच्या प्रतिमा खुल्या आहेत. पुढच्या तासाला सरांनी स्मार्ट बोर्डवर तिचं अक्षर दाखवलं. सगळ्या रेघा सारख्या नाहीत. काही लांब, काही टिंबाएवढ्या, काही खाली कललेल्या. छापताना त्यांचं काय करायचं हा प्रश्न संपादकांना का पडला असेल, हे मुलांना न सांगता कळलं. संहिता वर्गात वाचायची ती नेमलेल्या पुस्तकातलीच, असं मात्र आम्ही पक्कं ठरवलं.

व्हिटमनच्या बाबतीत हीच गोष्ट, फक्त उलटी. 'लीव्ह्ज ऑफ ग्रास' १८५५ मध्ये निघालं तेव्हा त्यात बारा कविता होत्या, आणि स्वतंत्र शीर्षक एकीलाही नव्हतं. व्हिटमन मरेपर्यंत ते पुस्तक वाढवत आणि बदलत राहिला. शेवटची आवृत्ती १८९१-९२ ची. 'साँग ऑफ मायसेल्फ' हे नाव त्या कवितेला १८८१ च्या आवृत्तीत आलं. गुटेनबर्गवरचं व्हिटमनचं पुस्तक शेवटच्या आवृत्तीचं आहे, नोट्समध्ये मात्र साल १८५५. 'वॉल्ट व्हिटमन आर्काइव्ह'वर सगळ्या आवृत्त्या आहेत. दोन खिडक्या शेजारी उघडून बसलं की एक संध्याकाळ सहज जाते, आणि चांगली जाते.

यातून आमच्या शोधाची दिशा बदलली. कालखंडानुसार साधनं शोधत बसण्यापेक्षा कॉपीराइटच्या हक्काच्या रेषेने यादी कापावी, असं मी सुचवलं. अमेरिकेत जुन्या पुस्तकांवरचा हक्क प्रकाशनापासून ९५ वर्षं टिकतो, म्हणून दर १ जानेवारीला एक-एक साल मोकळं होतं. फिट्झजेराल्डची 'द ग्रेट गॅट्सबी' १९२५ ची, ती २०२१ ला मोकळी झाली. फॉकनरची 'द साउंड अँड द फ्युरी' आणि हेमिंग्वेची 'अ फेअरवेल टू आर्म्स' दोन्ही १९२९ च्या, त्या २०२५ ला. १९३० ची पुस्तकं १ जानेवारी २०२६ ला. त्यामुळे सांगाड्यातले पहिले तीन खंड आणि चौथ्याचा अर्धा भाग जवळजवळ फुकट मिळतो, आणि १९३० च्या पुढे दुष्काळ. लोक उलटं करतात. फुकट मिळणाऱ्या पो आणि हॉथॉर्नची महागडी आवृत्ती घेतात, आणि आर्थर मिलर किंवा टोनी मॉरिसनच्या वेळी पानं गाळलेली, वाकडी स्कॅन केलेली पीडीएफ शोधत फिरतात.

भारताचा हिशेब निराळा आहे. आपल्याकडे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. हेमिंग्वे १९६१ मध्ये गेला, म्हणून त्याने हयातीत छापलेली पुस्तकं भारतात २०२२ पासून मोकळी. १९५२ ची 'द ओल्ड मॅन अँड द सी' अमेरिकेत २०४८ उजाडेपर्यंत बांधलेली राहील, आपल्याकडे मोकळी झालीसुद्धा. फॉकनर १९६२ ला गेला, तो २०२३ ला मोकळा. फ्रॉस्ट १९६३ ला, म्हणजे २०२४. स्टाइनबेक १९६८ च्या डिसेंबरात, म्हणजे त्याच्यासाठी २०२९ पर्यंत थांबायचं. मृत्युवर्षाचा रकाना होता तो एवढ्यासाठी. गुटेनबर्ग अमेरिकन कायद्याने चालतं, म्हणून भारतात मोकळं झालेलं सगळं तिथं मिळेलच असं नाही. कॅनडातल्या 'फेडेड पेज'वर अशी पुस्तकं असतात, पण तो देश आणखी तिसऱ्या नियमाने चालतो. तिथं आहे म्हणून आपल्याकडे चालेल असं धरू नये. सरांना वाटलं मी फार ताणतेय. ग्रंथपालाने नाही ताणायचं तर कुणी?

हेमिंग्वेच्या या कादंबरीचं आणखी एक साधन आमच्या मराठी विभागात धूळ खात होतं. पु. ल. देशपांडे यांनी तिचा 'एका कोळियाने' हा अनुवाद केला आहे. इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलांना सरांनी आधी तो वाचायला लावला, मग मूळ. थोरोचंही तसंच, दुर्गा भागवतांनी 'वॉल्डन' मराठीत आणलं ते 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नावाने. परीक्षेत अनुवादाचे अवतरण चालत नाही हे खरं, पण कथानक कळलेला मुलगा मूळ पानावर टिकतो तरी.

कपाटांचा आढावा घेताना खालच्या फळीवर दोन जाडजूड संकलनं निघाली. नवी दिल्लीच्या युरेशिया पब्लिशिंग हाउसची. विल्यम फिशर यांचं एकोणिसाव्या शतकावरचं, आणि एगबर्ट ऑलिव्हर यांचं १८९० ते १९६५ या काळाचं. महाराष्ट्रातल्या जुन्या कॉलेजांत ही जोडी हमखास सापडते. अमेरिकन साहित्य भारतातल्या विद्यापीठांत रुजलं त्याला शीतयुद्धाचं खतपाणी होतं. पीएल-४८० च्या कराराने अमेरिकेचा गहू इथं आला, त्याचे रुपये इथंच साठले, आणि त्यातून अमेरिकन पाठ्यपुस्तकांच्या स्वस्त भारतीय आवृत्त्या निघाल्या. हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात १९६४ मध्ये अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर उभं राहिलं, ते याच वाऱ्यावर. आमच्या आधीच्या पिढीतले किती तरी प्राध्यापक तिथल्या ग्रंथालयात बसून पीएच.डी. झाले.

फिशर आणि ऑलिव्हरची संहिता निवड आजही उपयोगी आहे, छपाई बारीक असली तरी. पण त्यांच्या वयाची मर्यादा ओळखून वापरावीत. १९६५ ला थांबलेल्या संकलनात मॉरिसन येणार नाही, तिची पहिली कादंबरीच १९७० ची. गुलामीतून सुटलेल्या हॅरिएट जेकब्जचं आत्मकथन १८६१ ला छापलेलं, पण ते खरोखर तिनेच लिहिलं हे जीन फॅगन येलिन यांनी पुराव्यानिशी दाखवलं १९८० च्या दशकात. तोवर बरेच अभ्यासक त्याला कुणा गोऱ्या बाईने रचलेली गोष्ट समजत. केट शोपॅनची 'द अवेकनिंग' १८९९ ची, अभ्यासक्रमांत तिला जागा मिळाली ती १९७० च्या पुढे. कालखंडाचं चित्र मागे जाऊन बदलत असतं, म्हणून त्या कालखंडावरचं पुस्तक कधीचं आहे तेही पाहायला हवं.

गुलामांच्या आत्मकथनांसाठी नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचं 'डॉक्युमेंटिंग द अमेरिकन साउथ' हे संकेतस्थळ सरांना दिलं. फ्रेडरिक डग्लसचं १८४५ चं पुस्तक तिथं पहिल्या आवृत्तीवरून आहे. त्यातला एक प्रसंग सरांनी वर्गात वाचला. मालकीणबाई छोट्या डग्लसला मुळाक्षरं शिकवू लागतात आणि मालक तिथंच थांबवतो : याला वाचता आलं तर हा गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही. आमच्या वर्गात निम्मी मुलं अशा घरांतली, की ज्यांच्या पणज्याला पाटी शिवू दिली नव्हती. तिथं प्रस्तावनेची गरज पडली नाही. आणि या भागाला मराठीत साधन आहे, तेही मराठवाड्यातलंच. नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे यांचं 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हे १९७८ चं पुस्तक. शीर्षकातला शब्द आज कुणी वापरणार नाही, तो त्या काळाचा. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊनच, आणि त्या दशकात मराठीत हे वाचन किती गांभीर्याने चाललं होतं ते या पुस्तकावरून कळतं. सरांनी आजवर ते पाहिलं नव्हतं. इंग्रजीचा माणूस मराठीच्या कपाटाकडे फिरकत नाही, हा आमच्याकडचा जुना आजार.

कालखंडांच्या ओळखीसाठी आणखी काय दिलं ते थोडक्यात. इग्नूचा एमईजी-०६ हा अमेरिकन साहित्याचा अभ्यासक्रम ईज्ञानकोश या इग्नूच्याच संकेतस्थळावर आहे. काही घटक जुने वाटतात, पण भारतीय विद्यार्थ्याला काय अडतं हे लिहिणाऱ्यांना ठाऊक आहे. अमेरिकन सरकारने काढलेलं कॅथरिन व्हॅनस्पँकरेन यांचं छोटं इतिहासपुस्तक एका बैठकीत वाचून होण्यासारखं. सरकारी आहे, तेव्हा सूर गोड आहे, हे धरून चालावं. नॉर्थ जॉर्जिया विद्यापीठाचं 'रायटिंग द नेशन' हे १८६५ पासून आजपर्यंतचं खुलं पाठ्यपुस्तक मला या सगळ्यांत जास्त आवडतं. वास्तववाद आणि निसर्गवाद यांत फरक काय, हा सरांना कायम सतावणारा प्रश्न त्यातल्या प्रस्तावनांनी सोडवला.

१९१४ च्या पुढच्या भागासाठी येल विद्यापीठाची खुली व्याख्यानं. हेमिंग्वे, फिट्झजेराल्ड आणि फॉकनर यांच्यावर वाय ची डिमॉक, आधुनिक कवितेवर लँग्डन हॅमर, १९४५ नंतरच्या कादंबरीवर एमी हंगरफर्ड. व्हिडिओ बघायला आमच्याकडचं नेट दमतं, आणि वेगाने बोललेलं अमेरिकन इंग्रजी पहिल्या झटक्यात कानात शिरत नाही. पण प्रत्येक व्याख्यानाचा लेखी मजकूर सोबत आहे. सरांनी मजकुराच्या प्रिंट काढल्या, पेन्सिल घेऊन वाचल्या आणि मग हवी तेवढीच व्याख्यानं ऐकली. यूट्यूबवरच्या 'दहा मिनिटांत सगळे पीरियड' छापाच्या व्हिडिओंबद्दल माझं मत विचारलंत तर एकच कसोटी सांगेन : बोलणारा डिकिन्सनला कुठे बसवतो ते बघा. नुसतंच 'रोमँटिक' म्हणून पुढे गेला तर व्हिडिओ बंद करावा.

समीक्षेचा प्रश्न सगळ्यांत अवघड निघाला. इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयात पूर्वी विसाव्या शतकातली समीक्षेची पुस्तकं तासाभरासाठी उसनी मिळत. चार प्रकाशकांनी केलेल्या दाव्यामुळे पाच लाखांवर पुस्तकं त्या यादीतून निघाली, आणि २०२४ च्या सप्टेंबरात अपील न्यायालयाचा निकालही आर्काइव्हच्या विरुद्ध गेला. जुन्या ब्लॉगांवर दिलेल्या लिंका त्यामुळे निकामी आहेत. महाविद्यालयाकडे एन-लिस्टचं, म्हणजे महाविद्यालयांना ई-पुस्तकं आणि ई-जर्नल्स देणाऱ्या योजनेचं, सदस्यत्व होतं, पण सीएचबीच्या माणसाचं लॉगिन कुणी काढलंच नव्हतं. नियम आड येत नव्हता, नाव यादीत घालायचं राहिलं होतं. एक अर्ज आणि प्राचार्यांची सही, एवढ्यावर काम झालं. घरून वाचायला जेस्टोर या शोधनिबंधांच्या संकेतस्थळाचं स्वतःच्या नावाचं मोफत खातं. त्यावर महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात. शंभर म्हणजे कुणालाही पुरून उरतात, आणि उतरवून घेता येत नाहीत म्हणून माणूस वाचतो तरी.

दिवाळीपर्यंत सरांचा तक्ता भरत आला. पहिल्या तीन खंडांत एक रकाना रिकामा राहिला नाही. 'दोन सालं कशाला' म्हणणाऱ्या सरांनी स्वतःहून सातवा रकाना वाढवला : ही कृती अभ्यासक्रमात कधीपासून दिसू लागली. तो भरणं सोपं नाही, निम्म्या जागी प्रश्नचिन्ह आहे. वर्गातल्या मुलांनी त्या तक्त्याचे फोटो काढले आणि ते इतर कॉलेजांच्या ग्रुपवर फिरले. त्यातल्या एका प्रतीत ब्रॅडफर्ड १८५६ मुळे रोमँटिक कालखंडात जाऊन बसला, असं नंतर कळलं. सर चिडले. मला मौज वाटली.

चौथ्या खंडाचा उत्तरार्ध आणि पाचवा खंड मात्र पैशावाचून भरत नव्हता. मिलरचं 'डेथ ऑफ अ सेल्समन', टेनेसी विल्यम्सचं 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' आणि मॉरिसनच्या दोन कादंबऱ्या यांच्या प्रती मागणीपत्रात घातल्या. मिलर २००५ ला गेला, विल्यम्स १९८३ ला, मॉरिसन २०१९ ला. म्हणजे या फुकट होण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. पुस्तकं सत्र संपता संपता आली. मधल्या काळात मिलरच्या नाटकाची एकच जुनी प्रत वर्गात फिरत होती आणि तिचा दुसरा अंक सुटून वेगळा झाला होता.

सेटचा पेपर देऊन आल्यावर सर म्हणाले की सनावळीचे प्रश्न सोडवताना हात थांबला नाही. थांबला तो भाषाविज्ञानावर. तो विषय वेगळा, त्याचं कपाटही वेगळं. अमेरिकन साहित्यापुरता सध्याचा प्रश्न १९८० नंतरच्या लेखकांचा आहे. तिथं गुटेनबर्ग नाही, फिशर-ऑलिव्हर नाहीत, आणि अभ्यास मंडळाने पुढच्या अभ्यासक्रमात लुईज अर्ड्रिक किंवा झुंपा लाहिरी घेतली तर आमच्याकडे एकही प्रत नाही. पुढच्या वर्षाच्या मागणीपत्रात मी नॉर्टनचा फक्त पाचवा खंड सुटा मागितला आहे. ग्रंथालय समितीत एकाने विचारलं, संच सोडून शेवटचाच खंड कशाला? मी सरांचा तक्ता पुढे केला आणि मोकळे राहिलेले रकाने दाखवले. मंजुरी मिळाली आहे, ऑर्डर एप्रिलनंतर जाईल.